हे चिंगूस आहेत, पण डोळा माझा आहे

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीला असतो. हे एका सरकारी बँकेत कॅशियर होते, २०२२ ला रिटायर झाले. पेन्शन चालू आहे, फ्लॅट स्वतःचा आहे, मुलीचं लग्न झालं, मुलगा बेंगळुरूला चांगल्या नोकरीत आहे, कुणाचं एक पैशाचं देणं नाही. तरी ह्यांचा हात काही सुटत नाही. रात्री दोनला उठून पंखा बंद करतात. मिक्सरच्या भांड्याचा कपलर गेलाय, सहा महिने झाले, तर म्हणतात पाट्यावर वाट, चव येते. दाढ दुखत होती, रूट कॅनल सांगितलं तर हे दाढच काढून आले. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन सांगून वर्ष झालं, तर "पिकू दे अजून, कुठेतरी कॅम्प लागेल". पैसे सगळे एफडीत, ते पण तीन-चार ठिकाणी, अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून एका पतपेढीत सगळ्यात जास्त. बाकी माणूस वाईट नाही हो, दारू नाही, ओरडणं नाही, हात तर कधीच उचलला नाही. मे महिन्यात मुलगी-जावई आले होते, नातवाने आइस्क्रीमवरून सगळ्यांसमोर म्हटलं, "आबा एकदम चिंगूस आहेत." सगळे हसले. हे नाही हसले, नंतर दोन दिवस नीट जेवले पण नाहीत. ह्यांचे वडील गिरणीत होते, ८२ च्या संपात सगळं गेलं, सासूबाईंचं मंगळसूत्र गहाण पडलं ते सुटलंच नाही. मला कळतं सगळं. पण मी आता ५९ ची आहे. हे नुसते कंजूष आहेत की हा काही आजार असतो? आणि मी काय करू?

उत्तर:

ताई, आधी डोळा. पत्रात तुम्ही तो पंखा, मिक्सर आणि त्यांच्या दाढेच्या मागे नेऊन टाकलाय, त्यावरूनच कळतं की तुमच्या घरात तुमचा नंबर कितवा लागतो, आणि तो तिथे भाऊजींनी एकट्याने नाही लावलेला, थोडा तुम्ही पण लावलाय.

मोतीबिंदू पिकू द्यायचा ही आपल्या आजीच्या काळची गोष्ट. तेव्हा डोळ्याला मोठा छेद घ्यायचे, टाके पडायचे, म्हणून डॉक्टरच थांबायला सांगायचे. आता फेको करतात, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा छेद घेऊन भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतात आणि घडीची लेन्स आत सोडतात, बहुतेक वेळा टाका पण लागत नाही, संध्याकाळपर्यंत माणूस घरी. उलट जास्त पिकून कडक झालेला मोतीबिंदू फोडणं डॉक्टरला जड जातं, त्यात गुंतागुंत वाढते. आणि वर्षभर एका डोळ्याने अंधुक बघत तुम्ही जिने चढताय, बाथरूमच्या ओल्या फरशीवर चालताय, लोकल पकडताय, त्यात एकदा पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर त्याचं बिल किती येतं हे भाऊजींना माहीत नसेल असं नाही, पण त्या बाजूने त्यांचं डोकं चालत नाही, ते का ते पुढे सांगते.

कॅम्पमध्ये वाईट काही नाही बरं का. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे १९७६ पासून आहे आणि सरकारी हॉस्पिटलात हे ऑपरेशन मोफत होतं, कॅम्पची वाट बघायची पण गरज नाही, केसपेपर काढायचा आणि तारीख घ्यायची. मग फुकटच करायचं होतं तर ते वर्षभरापूर्वी का नाही झालं? म्हणजे घोडं पैशावर नाही अडलेलं. "आत्ता नको" हे म्हणण्यावर अडलंय, ज्याला कुठलाच खर्च आज नको असतो त्याला उद्याचा फुकट कॅम्प म्हणजे मस्त पळवाट असते. खासगीत करणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की साधी मोनोफोकल लेन्स बहुतेकांना पुरते, लांबचं स्वच्छ दिसतं, जवळच्याला चष्मा लागतो. महागड्या मल्टिफोकलचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणायला तुमच्याकडे घरात एक्स्पर्ट माणूस आहेच.

आता तुमचा खरा प्रश्न, कंजूष की आजार.

काटकसरी माणूस आणि चिकट माणूस बाहेरून सारखेच दिसतात, दोघंही दुधाच्या पिशव्या धुवून वाळत घालतात. पण आत भलतंच काहीतरी चालू असतं. अमेरिकेत स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टीन या तिघांनी २००८ मध्ये तेरा हजारांवर लोकांची पाहणी छापली, त्यात हा फरक छान सापडतो. काटकसरीला पैसे वाचवण्यात मजा येते, कसं वाचवलं ते तो चार लोकांना कौतुकाने सांगतो. चिकट माणसाला वाचवण्यात फारशी मजा बिजा नसते, त्याला खर्च करताना दुखतं. अक्षरशः दुखतं म्हणा हवं तर, कारण त्याच्या आदल्याच वर्षी ब्रायन नटसन आणि त्यांच्या सोबतच्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून वस्तू आणि त्यांच्या किमती दाखवल्या होत्या, किंमत अवाच्या सवा वाटली की मेंदूतला इन्सुला नावाचा भाग जागा व्हायचा, आणि हा भाग वेदना झाली, किळस आली की पण जागा होतो. पैसे द्यायच्या त्या क्षणी जे आत टोचतं ते टाळण्यासाठी असा माणूस स्वतःलाच हवी असलेली गोष्ट पण सोडून देतो आणि नंतर हळहळतो. भाऊजींनी दाढ काढली ना, ती याच खात्यातली. आता त्या बाजूने चावता येत नाही, शेजारचे दात हळूहळू सरकणार, उद्या तिथे इम्प्लांट म्हटलं तर रूट कॅनलच्या कितीतरी पट पैसे. काटकसरी माणूस हा हिशोब नक्की करतो आणि गपचूप रूट कॅनल करून घेतो.

आणि असे हात आखडणारे उधळ्यांपेक्षा जास्त निघाले त्या पाहणीत, साधारण तीनास दोन. त्याच रिक यांचा २०११ चा अजून एक अभ्यास आहे, उधळे आणि चिकट लोक एकमेकांशीच लग्न करताना दिसतात आणि मग जन्मभर पैशावरून भांडतात. तिकडे स्वतः निवडून करतात, आपल्याकडे पत्रिका जुळवून करतात, रिझल्ट तोच.

भाऊजी ६० ला रिटायर झाले म्हणजे ८२ साली ते एकोणीस-वीसचे. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि दत्ता सामंतांचा तो संप मागे घेतला असं कुणी कधी रीतसर सांगितलंच नाही, तो नुसता विरत गेला. आज मिटेल उद्या मिटेल करत घरं वाट बघत बसली, आधी पितळेची भांडी गेली, मग सोनं गेलं, मग बायका-पोरं गावाला गेली. वाईट दिवस आले आणि संपले असं झालं असतं तर माणूस त्यातून बाहेर पडतो, पण जे कधी संपलंच नाही त्याची भीती पण संपत नाही. आणि त्यानंतर या मुलाला नोकरी कुठली मिळाली, तर कॅशियरची. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या, शंभर रुपये कमी भरले तर ते स्वतःच्या खिशातून भरायचे. अहो कुणाचाही हात आखडेल. रात्री दोनला तो पंखा बंद करायला कोण उठतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळतंय, तुमच्या पत्रात ते दिसतंच.

पण ताई, कळणं वेगळं आणि त्या कळण्यापायी स्वतःचा डोळा घालवणं वेगळं. सासूबाईंचं मंगळसूत्र गहाण पडलं त्याचे हप्ते तुम्ही अजून भरताय.

आजाराचं विचारलंत म्हणून सांगते. नुसता कंजूषपणा हा आजार नाही. मानसोपचारवाले ज्याला ओसीपीडी म्हणतात, म्हणजे अति नीटनेटकेपणा, याद्या, नियम, सगळं माझ्याच पद्धतीने झालं पाहिजे हा हट्ट, त्या स्वभाव-विकाराच्या आठ लक्षणांत एक लक्षण हेच आहे की माणूस स्वतःवर आणि दुसऱ्यांवर खर्च करत नाही, पैसा पुढच्या संकटासाठी राखून ठेवायचा असतो असं धरून चालतो. पण आठातली किमान चार लागतात आणि ती पण तरुणपणापासून, आणि ते ठरवायचं काम डॉक्टरचं, माझं नाही, यूट्यूबचं तर नाहीच. तुम्ही लिहिलंय त्यावरून ते पहिल्यापासून असेच आहेत असं दिसतं, फक्त रिटायर झाल्यावर दिवसभर घरात असल्यामुळे ते तुम्हाला जास्त दिसायला लागलं. नोकरी होती तेव्हा दहा ते सहा पंखा आणि मिक्सर तुमच्या ताब्यात होते ना.

दोन गोष्टींवर मात्र लक्ष ठेवा. गेल्या काही महिन्यांत हे अचानक वाढलंय का, आणि पैसे असताना सुद्धा "आपण रस्त्यावर येणार", "खात्यात काहीच उरलं नाही" असं ते खरंच धरून बसतात का. म्हातारपणीच्या डिप्रेशनमध्ये आपण कंगाल झालो असा भ्रम होतो माणसाला, आणि विसरभोळेपणाच्या आजाराची सुरुवात पण कधीकधी पैशांच्या गोंधळाने होते. असं काही वाटलं तर सरळ डॉक्टरकडे न्या, आणि नेता येत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतः करू शकता. तो जेवण सोडण्याचा प्रसंग मला डिप्रेशन वाटत नाही, तो अपमान वाटतो.

त्यावर पण बोलू. चिंगूस, चिक्कू, कंजूष, कवडीचुंबक, शब्दांना आपल्याकडे तोटा नाही, काही लोक तर या अर्थाने एका अख्ख्या समाजाचंच नाव वापरतात, ते तर बंदच करायला हवं. मित्रामित्रांत चिंगूस म्हणून टाळी घेतात तेव्हा गंमत असते. पण ज्याला हे आयुष्यभर आतून टोचतंय त्याला नातवाच्या तोंडून सगळ्यांसमोर ऐकू आलं की तो दुसऱ्या दिवशी उदार होत नाही, अजून घट्ट मूठ वळतो. पोराची चूक नाही, त्याने तो शब्द कुठून उचलला ते शोधा. बहुतेक तुमच्या आणि मुलीच्या फोनवरच्या गप्पांतूनच उचलला असणार, आणि ते साहजिक आहे, आपण बायका बोलणार नाही तर काय, पण पोरं शेजारच्या खोलीत असतात.

आता काय करायचं. सगळ्यात आधी ठरवा की कशावर भांडायचंच नाही. पिशव्या धुणं, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब लिहिणं, रिक्षाऐवजी चालत जाणं, भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची काडी मागणं, हे सगळं सोडून द्या, त्यात तुमचं काहीच जात नाही आणि अर्ध्या गोष्टी तर चांगल्याच आहेत. तुम्हाला एसटीत २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहेच, भाऊजींना ६५ झाल्यावर लागू होईल, ते ती तारीख मनात धरून असतील याची मला खात्री आहे, तेव्हा दोघं अर्ध्या तिकिटात फिरा की, तेव्हा बघा कसे खुशीत असतात ते.

पंख्यावर मात्र थोडं भांडा, पण त्यांच्या भाषेत. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो, रात्रीचे आठ तास चालला तर ०.६ युनिट, युनिटला दहा रुपये धरले तरी सहा रुपये. दोनला बंद करून सकाळी सहापर्यंतचे चार तास वाचवले म्हणजे तीन रुपये वाचले. तीन रुपयांसाठी दोघांची झोप मोडते. याउलट बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा घेतला तर तो ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे रात्रभर लावला तरी अडीच रुपयांत काम, ते अर्धी रात्र बंद ठेवून जेवढं बिल आणतात त्यापेक्षा कमी. जुना पंखा रात्रभर चालवण्याशी तुलना केली आणि वर्षात तीनशे रात्री धरल्या तर हजारभर रुपये वाचतात, दोन-तीन वर्षांत पंखा फिटतो. हा हिशोब तुम्ही तोंडी सांगू नका, कागद-पेन त्यांच्यापुढे ठेवा आणि वॅटचा आकडा तेवढा सांगा, बाकी ते स्वतः करतील, आणि स्वतः केलेल्या बेरजेवर त्यांचा विश्वास बसेल. पण एक लक्षात ठेवा, ही युक्ती प्रत्येक गोष्टीला लावायची नाही. नाहीतर घरात असा नियम होऊन बसतो की ज्याच्यात फायदा दाखवता येतो तेवढंच करायचं, आणि मग तुमची हौस, तुमचं एखादं नाटक, बहिणीकडे जाणं, यातलं काहीच कधी बसणार नाही त्या हिशोबात.

मिक्सर हा तर विषयच नाही. अहो भांड्याच्या खालचा तो दातेरी कपलर, कुठल्याही मिक्सर रिपेअरवाल्याकडे मिळतो, शंभराच्या आत-बाहेर काम होतं, भांडं घेऊन गेलात तर तो उभ्या उभ्या बसवून देतो. यासाठी सहा महिने पाट्यावर वाटताय? विचारू नका, जा आणि करून आणा. आल्यावर "केला दुरुस्त" एवढंच म्हणा, किती लागले ते त्यांनी विचारलं तर खरं सांगा, नाही विचारलं तर गप्प बसा. मला माहितीये तुम्ही म्हणाल की शंभर रुपयांसाठी पण त्यांच्यापुढे हात पसरावा लागतो. तोच तर मुद्दा आहे आणि त्यासाठीच पुढचं नीट वाचा.

तुमच्या नावावर स्वतःचं खातं हवं आणि त्यात न मागता पैसे यायला हवेत. मागायची वेळ आली की देणाऱ्याला तो टोचणारा क्षण भोगावा लागतो, दर वेळी नव्याने, आणि तुम्हाला तो त्यांच्या चेहऱ्यावर बघावा लागतो. एकदा ठरवून टाकलं की तो क्षण महिन्यातून एकदाच, तो पण बँकेच्या आत, कुणाला न दिसता. पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम तुमच्या खात्यात जाईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्यायची, ते तर आयुष्यभर हेच फॉर्म भरून घेत होते. रक्कम किती ते दोघांनी बसून ठरवा, पण त्यात घरखर्च वेगळा आणि तुमचे स्वतःचे वेगळे, आणि त्या दुसऱ्या पैशांचा हिशोब द्यायचा नाही.

दुसरं, तुम्ही पुढच्या वर्षी ६० च्या होताय. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमच्या नावाने खातं काढा, पोस्टात किंवा बँकेत. २०२३ च्या एप्रिलपासून त्याची मर्यादा ३० लाख केली आहे आणि तेव्हाच दर ८.२ टक्के झाला. त्या दराने दहा लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी २०,५०० रुपये थेट तुमच्या खात्यात पडतात. दर तिमाहीला सरकार दर ठरवतं तेव्हा खातं काढताना काय आहे ते बघून घ्या, एकदा काढलं की तुमच्यासाठी पाच वर्षं तोच राहतो. एक आधीच सांगते म्हणजे नंतर वाद नको, पैसे त्यांनी तुम्हाला दिलेले असले तर त्या व्याजावरचा कर त्यांच्याच उत्पन्नात धरला जातो, तेव्हा कर वाचेल असं सांगून त्यांना पटवू नका, ते तुमच्यापेक्षा जास्त जाणतात आणि एकदा खोटं सापडलं की पुढचं काही ऐकणार नाहीत. मुद्दल जिथल्या तिथे राहतं, हे मात्र दहा वेळा सांगा. अशा माणसाला मुद्दल मोडणं म्हणजे घराची भिंत पाडल्यासारखं वाटतं, व्याज खर्च करणं त्यामानाने सोसतं.

आणि ती पतपेढी. मला राग आला तो इथे, पंखा-मिक्सरवर नाही आला. तीन रुपयांसाठी रात्री उठणारा माणूस अर्ध्या टक्क्यासाठी सगळ्यात मोठी रक्कम पतसंस्थेत ठेवतो! बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून माणशी, एका बँकेमागे पाच लाखांपर्यंत मिळतात, मुद्दल आणि व्याज धरून, ही मर्यादा पण २०२० च्या फेब्रुवारीत वाढली, त्याआधी १९९३ पासून नुसती एक लाख होती. सहकारी बँकांना हा विमा आहे. पतसंस्थेला नाही, एक रुपयाचा नाही. दहा लाखांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला पाच हजार, आणि त्या पाच हजारांसाठी अख्खे दहा लाख उघड्यावर. सरकारी बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हे माहीत नाही असं होणारच नाही, पण खर्च करताना जे टोचतं ते एफडी करताना टोचत नाही ना, तिथे तर पैसा वाढताना दिसतो, म्हणून धोका दिसत नाही. ही गोष्ट त्यांच्यापुढे मांडा, शांतपणे मांडा. कंजूष म्हणून मांडू नका, तुमचे पैसे बुडायला नकोत म्हणून मांडा, यात तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात. ठेवींच्या मुदती कधी संपतात ते बघून एकेक काढून घ्यायच्या. त्याच बैठकीत सगळ्या पावत्यांवर तुमचं नाव जोडलंय का आणि नॉमिनी कोण आहे ते पण बघून घ्या, अनेक घरांत बायकोला पावत्या कुठल्या डब्यात आहेत ते पण माहीत नसतं.

बोलताना शब्द कसे वापरायचे त्याचा एक किस्सा त्या २००८ च्या अभ्यासातच आहे. लोकांना सांगितलं की डीव्हीडी उद्याच हवी तर पाच डॉलर जास्त पडतील. अर्ध्यांना नुसतं "पाच डॉलर" म्हटलं आणि अर्ध्यांना "फक्त थोडे, पाच डॉलर" अशा धाटणीत. बाकीच्यांना काही फरक पडला नाही, पण चिकट मंडळी थोडे म्हटल्यावर बऱ्यापैकी जास्त तयार झाली. तसंच मालिश मजेसाठी म्हटलं की नको, पाठदुखीसाठी म्हटलं की चालेल. म्हणजे गरज म्हणून सांगितलं की त्यांचं दुखणं कमी होतं. तुम्ही "जरा फिरून येऊ" म्हटलंत तर ते नाहीच म्हणणार, "गावच्या घराचे पत्रे पावसाआधी बघून यायला हवेत" म्हटलंत तर निघतील, तिथे गेल्यावर समुद्रावर जायला कोण अडवतंय. याला फसवणं म्हणायचं का? मी नाही म्हणत, पत्रे खरंच बघायचे असतील तर.

नातवासाठी एक करा. दिवाळीच्या सुट्टीत तो आला की पहिल्याच दिवशी आबांच्या हातात एक पाकीट द्या, तुमच्या नव्या खात्यातून, आणि सांगा की हे त्याच्या खाऊचे, सुट्टीत संपवायचे, उरवायचे नाहीत. जे पैसे आधीच खर्चाच्या नावाने बाजूला पडले ते देताना कमी टोचतात. आणि आइस्क्रीम आबांच्याच हातून मिळू दे, तुम्ही मागे राहा.

हे पत्र दुसऱ्या कुणी वाचत असेल आणि तिच्या घरात नवरा मुद्दाम पैसे अडवून धरत असेल, पगार काढून घेत असेल, औषधाला पैसे देत नसेल, घाबरवत असेल, तर तिला वरचा एकही सल्ला लागू नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हा हिंसाचारच धरलाय, १८१ ला फोन करायचा. ताई, तुमच्याकडे तसं नाही हे तुम्ही लिहिलंयत आणि मी ते धरून चालले आहे.

राहिलं बोलायचं कधी ते. पैसे द्यायच्या वेळी कधीच नाही, दुकानात नाही, डॉक्टरच्या कॅबिनमध्ये तर अजिबात नाही. पासबुक भरून आणायचा त्यांचा एक ठरलेला दिवस असेलच, त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर बसा. मुलाला फोनवर घेऊ नका, "मी पाठवतो पैसे" असं तो म्हणणार आणि ते भाऊजींना चिंगूस म्हटल्यापेक्षा जास्त लागेल. खातं, पतपेढी, पंखा, यावर चर्चा होऊ दे, दोन-तीन बैठका लागल्या तरी लागू दे. डोळ्यावर चर्चा नको. तारीख आधी घेऊन या, मग सांगा की अमुक दिवशी सकाळी आठला निघायचंय, आणि रिपोर्टांची फाइल आणि एस्टिमेटचा कागद त्यांच्या हातात द्या. ते कुरकुरतील, आणि मग एकेक ओळ तपासायला बसतील, आणि हॉस्पिटलने कुठे दोनदा काही लावलं असेल तर ते त्यांच्यासारखं दुसऱ्या कुणालाही सापडणार नाही.